कळप, कातडी आणि 'मी': माकडं, हत्ती, कुत्रे यांच्या मेंदूबद्दलच्या एका प्रश्नाचं उत्तर

प्रश्न असा आलाय: "माकडं, हत्ती, डॉल्फिन हे कळपात राहतात म्हणून त्यांचे मेंदू मोठे झाले असं वाचलं, खरंय का? आणि आरशात स्वतःला ओळखणारे प्राणी पण हेच, तर त्याचा कळपाशी काय संबंध? आमचा कुत्रा आरशाकडे ढुंकूनही बघत नाही, मग त्याला 'मी' म्हणजे काय ते कळतच नाही का?"

प्रश्न तीन आहेत पण मला विचाराल तर तिन्ही एकाच ठिकाणी जाऊन मिळतात, आणि ते ठिकाण म्हणजे कातडी. मी बरीच वर्षं सह्याद्रीतल्या माकडांच्या वागण्यावर काम करतेय आणि मेंदूवर काम करणाऱ्यांबरोबरही माझं उठणं-बसणं असतं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगते. उत्तर लांबणार आहे, सवडीनं वाचा.

आधी कळपाचं बघू. ही कल्पना तशी जुनी आहे. अ‍ॅलिसन जॉली मादागास्करमध्ये लेमूर (माकडांचे दूरचे भाऊबंद) बघत होत्या, त्यांनी १९६६ मध्ये लिहिलं की लेमूरला वस्तू हाताळायची, उघडून-फोडून बघायची अक्कल फारशी नाही, पण ग्रुपमधलं त्यांचं वागणं मात्र माकडांइतकंच गुंतागुंतीचं आहे, म्हणजे एकत्र जगणं आधी आलं असणार आणि हुशारी त्याच्या मागून. मग १९७६ मध्ये निकोलस हम्फ्री यांनी तोच धागा पुढे नेला, की रोजचं पोट भरायला एवढी बुद्धी लागत नाही, ती लागते ती एकमेकांशी निभावून न्यायला. आणि १९९२ मध्ये रॉबिन डनबार यांनी सरळ ग्राफच मांडला: एका बाजूला निओकॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, उरलेल्या मेंदूच्या किती पट आहे ते, दुसऱ्या बाजूला त्या जातीचा ग्रुप केवढा असतो ते. मोठा निओकॉर्टेक्स तिथे मोठा ग्रुप. तीच रेषा माणसापर्यंत ओढून १५० चा आकडा आला, जो आता मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगमध्ये पण सांगतात.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं, पण मग अपवाद दिसायला लागले आणि ते किरकोळ नाहीयेत. ओरांगउटान बराचसा एकटा राहतो, मेंदू मात्र भला मोठा. आफ्रिकेतला नेकेड मोल रॅट, अंगावर जवळजवळ केस नसलेला, बिळातच आयुष्य काढणारा प्राणी, मोठमोठ्या वसाहतीत राहतो, कधी कधी तर दोनशेच्या वर, आणि त्याच्या मेंदूत तसं काही खास वाढलेलं नाही. सेरेंगेटीतले विल्डबीस्ट लाखोंनी एकत्र चालतात, पण आई-पिल्लू सोडलं तर त्यात कोण कोणाला ओळखतं? शिवाय २०१७ मध्ये प्रायमेटच्या (लेमूर, माकडं, एप यांचा गट) १४० हून जास्त जातींचा डेटा परत एकदा तपासला गेला, आणि मेंदूचा आकार ग्रुपच्या आकारापेक्षा आहारावरून जास्त चांगला सांगता येतो असं निघालं, फळं खाणाऱ्यांचा मोठा, पानं खाणाऱ्यांचा लहान. फळ कुठल्या झाडावर कधी पिकतं ते लक्षात ठेवावं लागतं हा एक भाग, आणि मेंदू पोसायला लागणारी साखर फळात मिळते हा दुसरा भाग. मेंदू फार खर्चिक अवयव आहे, आपल्या वजनाच्या २ टक्के असतो आणि बसल्याजागी जवळजवळ २० टक्के एनर्जी खातो, त्यामुळे तो वाढायला गरज असून भागत नाही, परवडायला पण लागतं.

मग सामाजिक मेंदूची, म्हणजे एकत्र राहण्यानं मेंदू वाढला ही, कल्पना मोडीत काढायची का? माझ्या मते अजिबात नाही. नुसती डोकी मोजली तर असंच होणार. मेंदूवर ताण येतो तो नात्यांचा येतो, डोक्यांचा नाही.

तरसाचं उदाहरण घ्या. आपल्याकडचा तरस पट्टेवाला, रात्री एकटा-दुकटा फिरणारा, फार तर जोडी नाहीतर आई आणि पिल्लं. आफ्रिकेतला ठिपकेवाला तरस त्याचाच भाऊबंद, पण तो मोठाल्या टोळीत राहतो, टोळीवर माद्यांचं राज्य असतं आणि पिल्लाला आईच्या खालोखालचा दर्जा जन्मानंच मिळतो. के होलेकँप यांनी केनियातल्या मसाई मारामध्ये या टोळ्यांवर कित्येक दशकं काम केलंय. ठिपकेवाल्यांना दुसऱ्या दोघांत कोण वरचढ आहे हेही कळतं, आणि भांडणात ते त्याप्रमाणे बाजू घेतात. २०११ मध्ये तरसांच्या चारही जातींच्या कवट्यांचे सीटी स्कॅन करून आतली पोकळी मोजली तर मेंदूचा पुढचा भाग सगळ्यात मोठा निघाला तो ठिपकेवाल्याचा. चारही एकाच घराण्यातले, त्यामुळे ही तुलना मला माकडांच्या ग्राफपेक्षा जास्त पटते.

आता माकडांकडे येते, कारण तिथे हे सगळं अगदी डोळ्यांसमोर घडताना दिसतं. आपल्या घाटांत दिसणारं लाल तोंडाचं, डोक्यावर केसांची टोपी असलेलं ते बॉनेट मकाक (काळ्या तोंडाचं लांब शेपटीचं ते वानर, ते वेगळं). महाबळेश्वर, आंबोलीला गेलात तर हातातली पिशवी ओढणाऱ्यांकडे बघू नका, थोडं लांब कठड्यावर दोन माद्या बसलेल्या असतील त्यांच्याकडे बघा. एक पाठ करून बसते, मान जरा खाली घालते, दुसरी डाव्या हातानं केस बाजूला करते, उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि बोटानं काहीतरी उचलते, तोंडात टाकते, मधूनच ओठ भराभर पुटपुटल्यासारखे हलवते. लोक म्हणतात उवा काढतायत. बऱ्याचदा तो कोंडा असतो, सुकलेल्या कातडीचे पापुद्रे असतात, एखादी गोचीड. थोड्या वेळानं बसलेली काय करते, हात वर उचलून काख पुढे करते. दुसरीनं काही मागितलेलं नसतं. 'माझ्या अंगाचा कुठला भाग तुझ्यासमोर यायला पाहिजे', हे तिला दोघींच्या जागेवरून कळलेलं असतं. डोळे अर्धे मिटलेले, अंग सैल सोडलेलं. हे तासन्‌तास चालतं, काही प्रायमेट जाती तर दिवसाचा पाचवा हिस्सा यात घालवतात, आणि नुसत्या स्वच्छतेला एवढा वेळ लागत नाही.

यावर बंगळूरूच्या अनिंद्य सिन्हा यांचं १९९८ चं एक काम आहे, मी विद्यार्थ्यांना सगळ्यात आधी तेच सांगते. समजा दोन माद्या अशा बसल्यात आणि दोघींपेक्षा वरचढ असलेली तिसरी चालत येते. आता उठणार कोण? बहुतेक वेळा दोघींतली जी खालच्या दर्जाची असते ती उठून जाते आणि दुसरी बसून राहते. विचार करा, जी बसून राहिली तीसुद्धा येणारीपेक्षा खालचीच आहे, एकटी असती तर तीच बाजूला झाली असती. पण ती हलत नाही कारण आपल्याशेजारी आपल्यापेक्षा खालची बसलीय आणि उठायची पाळी तिची आहे हे तिला ठाऊक असतं. म्हणजे तिच्या डोक्यात अख्ख्या टोळीची उतरंड आहे आणि त्या उतरंडीत तिनं स्वतःलाही एका जागी बसवलेलं आहे. माझ्या दृष्टीनं प्राण्यातला 'मी' शोधायचा तर तो आधी इथे शोधावा. आणि हे माकड, बरं का, आरशात स्वतःला ओळखत नाही.

आता यातून शरीराकडे कसं जायचं? इथे कॅरिबियनमधल्या पोर्तो रिकोजवळचं कायो सांतियागो नावाचं एक छोटं बेट मदतीला येतं. १९३८ मध्ये क्लॅरेन्स कार्पेंटर यांनी भारतातून जहाजानं माकडं नेऊन, ऱ्हीसस मकाक, सुमारे चारशे त्या बेटावर सोडली. आज तिथे हजाराच्या वर आहेत आणि सगळी त्या आपल्या उत्तरेकडच्या माकडांची वंशज. प्रत्येकाची आई कोण, मैत्रीण कोण याची पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद आहे. २०२२ मध्ये तिथल्या माकडांच्या मेंदूचा अभ्यास आला. ज्यांचे केस निवडण्यातले जोडीदार जास्त, त्यांच्यात दोन भाग मोठे निघाले. एक मेंदूच्या बाजूच्या खाचेतला, जो दुसऱ्याचं बघणं-हालणं-हेतू ओळखायला वापरला जातो. हे अपेक्षितच होतं. दुसरा होता इन्सुलाचा एक तुकडा. आणि टोळीतला दर्जा किंवा सोबत्यांचे पुढचे सोबती किती याच्याशी या भागांचं तसं नातं दिसलं नाही, ते दिसलं थेट अंगाला हात लावणाऱ्या सोबत्यांच्या संख्येशी. (अर्थात मेंदूचा भाग मोठा म्हणून सोबती जास्त की सोबती जास्त म्हणून भाग वाढला, हे एवढ्यावरून ठरत नाही.)

इन्सुला म्हणजे काय ते सांगते कारण सगळी गंमत तिथेच आहे. मेंदूच्या बाजूची मोठी घडी उचलून आत बघितलं तर दिसणारा हा भाग. छातीतली धडधड, पोटातली कळ, भूक, तहान, गार-गरम, खाज, दुखणं, म्हणजे आपलं अंग आतून कसं आहे त्या सगळ्या बातम्या इथे येतात. बड क्रेग यांनी तो मार्ग कातडी आणि अवयवांपासून पाठीच्या कण्यातून इथपर्यंत बारकाईनं दाखवला होता. म्हणजे अंगाची जाणीव ज्या ठिकाणी तयार होते, तोच भाग सोबत्यांच्या संख्येबरोबर कमी-जास्त होतोय.

आणि याला कारण आहे. आपल्या केसाळ कातडीत एक विशिष्ट जातीच्या बारीक नसा असतात, सी टॅक्टाइल म्हणतात त्यांना, मांजरात त्या १९३९ मध्येच सापडल्या होत्या, माणसातल्या नंतर स्वीडनमधल्या लोकांनी शोधल्या. या नसांना टोचलेलं, दाबलेलं कुठे आणि किती ते सांगता येत नाही, त्यासाठी वेगळ्या जलद नसा आहेत. या संथ. या सगळ्यात जास्त पेटतात त्या सेकंदाला १ ते १० सेंटीमीटर वेगानं कोणी हात फिरवला तर, आणि फिरवणाऱ्याचा हात कातडीइतका कोमट असला तर. बाळाच्या पाठीवरून आई जो हात फिरवते ना, न मोजता, त्याचा वेग घेऊन बघा, तो बरोबर याच पट्ट्यात येतो. आणि यांची बातमी जाते कुठे, तर मुख्यतः इन्सुलात. म्हणजे दुसऱ्याचा प्रेमाचा हात हा मेंदूच्या लेखी नुसता 'बाहेरून काहीतरी लागलं' असा येत नाही, तो भूक, ऊब, दुखणं यांच्याच रांगेत येतो, माझं अंग आत्ता कसं आहे या हिशोबात. माकडांत केस निवडताना हृदयाचे ठोके मंदावतात, आणि टॅलापोइन या आफ्रिकेतल्या छोट्या माकडांत मेंदूभोवतीच्या द्रवात एंडॉर्फिन हे बरं वाटायला लावणारं रसायन वाढतं हे १९८९ मध्ये मोजलं गेलंय. केनियाच्या अंबोसेलीतल्या बबून माकडांच्या माद्यांत ज्या जास्त मिळून-मिसळून राहतात त्यांची पिल्लं जास्त जगतात हे २००३ मध्ये कळलं. म्हणजे हे नुसतं छान वाटण्यापुरतं नाही, निसर्गाच्या निवडीला धरायला इथे चांगलं घट्ट काहीतरी आहे.

आता खूप मागे जाऊ. चीनच्या युनान प्रांतात सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मॉर्गन्युकोडॉन आणि हॅड्रोकोडियम या चिचुंद्रीएवढ्या आणि त्याहून लहान प्राण्यांच्या कवट्या सापडल्यात, हॅड्रोकोडियमचं वजन जेमतेम २ ग्रॅम धरतात. २०११ मध्ये टिमोथी रो आणि सहकाऱ्यांनी या कवट्या न फोडता सीटी स्कॅननं आतला मेंदूचा आकार काढला. सस्तन प्राण्यांचा मेंदू कशानं फुगायला लागला? वासानं, अंगावरच्या केसांतून येणाऱ्या स्पर्शानं आणि स्नायूंचा ताळमेळ साधण्यानं. कळप वगैरे नंतरची गोष्ट. निओकॉर्टेक्स सुरुवातीपासून अंगाचा नकाशा ठेवत आलाय, आजही उंदराच्या मेंदूत प्रत्येक मिशीला स्वतःची वेगळी जागा आहे, नेकेड मोल रॅटच्या स्पर्शाच्या भागातला जवळजवळ तिसरा हिस्सा त्याच्या पुढच्या दातांनी अडवलाय, कारण तो दातांनीच खणतो.

(इथेच एक सांगून टाकते, 'आत सरपटणाऱ्या प्राण्याचा मेंदू, त्यावर भावनांचा, त्यावर विचारांचा' असं जे तीन मजली चित्र फॉरवर्ड होत असतं ते विसरून जा. तसे मजले चढलेले नाहीत, सगळे भाग सगळ्यांत होते, ते वेगवेगळ्या तऱ्हेनं वाढले.)

केसाळ, गरम रक्ताचा, एवढासा प्राणी. त्याचं पिल्लू उघडं, आंधळं. त्याला स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही, ते आईच्या आणि भावंडांच्या अंगानं सांभाळलं जातं. पोट भरायचं तर आईच्या अंगाला चिकटायला लागतं, उंदराच्या पिल्लाला तर सुरुवातीला लघवीही आईनं चाटल्याशिवाय होत नाही. म्हणजे सस्तन प्राण्याच्या आयुष्याच्या सुरुवातीला 'माझं अंग ठीक आहे' आणि 'ती जवळ आहे' या दोन वेगळ्या बातम्या नसतातच, एकच असते. मला वाटतं सामाजिक मेंदूचं मूळ हेच आहे. पुढे ज्या जातींना मोठं होऊन एकत्र राहायचा फायदा झाला त्यांनी आई-पिल्लाची हीच यंत्रणा ताणून बहिणींपर्यंत, मैत्रिणींपर्यंत, नर-मादीच्या जोडीपर्यंत नेली. नवीन अवयव कुठून आणणार, जे हाताशी होतं तेच वापरलं.

याचा पुरावा उंदरात फार सुंदर मिळतो. बर्लिनला मिखाएल ब्रेख्त यांची लॅब आहे. दोन उंदीर भेटले की मिशीला मिशी लावतात. २०१४ मध्ये त्यांनी दाखवलं की मेंदूच्या मिशांच्या भागातल्या पेशी एखाद्या वस्तूला मिशी लागली तर जेवढ्या पेटतात त्यापेक्षा खऱ्या उंदराच्या तोंडाला लागली तर जास्त पेटतात. हा भाग पाठ्यपुस्तकात 'नुसता स्पर्श नोंदवणारा' म्हणून शिकवला जातो! आणि २०१६ चा प्रयोग तर बघण्यासारखा आहे, उंदराला पोटावर गुदगुल्या केल्या की तो माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या उंच पट्टीत किंचाळतो, खेळताना काढतो तोच आवाज, आणि हात काढला की उड्या मारत हाताच्या मागे येतो. त्या वेळी मेंदूतला धडाच्या स्पर्शाचा भाग जोरात चालतो, आणि हाताला न शिवता नुसता पाठलाग करतानाही चालतो. त्याच उंदराला उंच, उजेडातल्या फळीवर ठेवून गुदगुल्या केल्या तर तो आवाज जवळजवळ बंद आणि त्या पेशीही थंड. म्हणजे कातडीला तेवढंच लागतंय, पण कोण लावतंय, कुठल्या मनःस्थितीत, हे स्पर्शाच्या नकाशातच मिसळलेलं आहे, वरून नंतर कोणीतरी चिकटवलेलं नाही.

दुखण्याचंही तसंच. २०१९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला क्रिस्टियन कीझर्स आणि व्हॅलेरिया गाझोला यांच्या गटानं उंदराच्या मेंदूच्या सिंग्युलेट भागात अशा पेशी दाखवल्या ज्या स्वतःला दुखलं तरी पेटतात आणि शेजाऱ्याला दुखताना बघितलं तरी पेटतात, आणि तो भाग तात्पुरता बंद केला की शेजाऱ्याच्या दुखण्यावर थिजणं कमी होतं. अशा दोन्हीकडे पेटणाऱ्या पेशींना आरसा-पेशी म्हणतात, त्यांच्याबद्दल मधल्या काळात फार वाढवून लिहिलं गेलं, तसंच इन्सुलात आणि सिंग्युलेटमध्ये सापडणाऱ्या लांबट फॉन इकोनोमो पेशींचं, आधी म्हणायचे फक्त मोठ्या मेंदूच्या हुशार प्राण्यांत, मग त्या गाई-मेंढ्यांतही सापडल्या. एका पेशीत सगळं उत्तर शोधू नये एवढंच म्हणेन.

उलटी बाजू पण बघायला हवी, म्हणजे हा स्पर्श मिळालाच नाही तर. हॅरी हार्लो यांचे विस्कॉन्सिनमधले प्रयोग वाचताना आजही मला त्रास होतो, तारेची आई आणि कापडाची आई, पिल्लं दूध तारेच्या आईकडे पिऊन दिवसभर कापडाला चिकटून बसायची. पण याहून पुढचं, पूर्ण एकटी वाढवलेली माकडं स्वतःचेच हातपाय चावायची, स्वतःलाच मिठी मारून डोलत बसायची. स्वतःचं अंग स्वतःचं आहे हे समजायलाही कोणीतरी दुसरं लागतं असं यातून मला दिसतं. आणि आता आरशाकडे येऊ, कारण तिथेही हेच निघालं.

गॉर्डन गॅलप यांनी १९७० मध्ये चिंपांझींना दहा दिवस आरसा दिला, मग भूल देऊन भुवईवर आणि कानावर वास नसलेला लाल रंग लावला. जागे झाल्यावर त्यांनी आरशात बघून स्वतःच्या भुवईला हात लावला. माकडांनी नाही लावला. हे सगळ्यांना माहीत असतं. कमी माहीत असतं ते गॅलप यांचंच १९७१ चं काम: एकटे वाढवलेले चिंपांझी, ज्यांना दुसऱ्या चिंपांझींचा सहवासच मिळाला नव्हता, ते या टेस्टमध्ये पास झाले नाहीत. तोच मेंदू, तीच जात. दुसऱ्यांबरोबर वाढलं नाही तर आरशातला कोण ते कळत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

पण नापास म्हणजे 'मी' नाही, असं मात्र समजू नका. शांघायच्या एका गटानं २०१५ मध्ये मकाक माकडांना आरशासमोर बसवून तोंडावर लेसरचा ठिपका टाकला, असा की तो दिसेल पण आणि कातडीला चुरचुरेल पण. काही आठवडे हे केल्यावर माकडं नुसत्या दिसणाऱ्या ठिपक्यालाही, रंगालाही, आरशात बघून बरोबर हात लावायला लागली आणि मग आपापलं आरशात बघून शरीराचे न दिसणारे भाग तपासायला लागली. म्हणजे अंगाचा नकाशा होताच, डोळ्यांना दिसणाऱ्या चित्राशी तो जोडलेला नव्हता, कातडीवाटे तो जोडून दिला. केनियातल्या खेड्यांतली लहान मुलं घेतली तर त्यांच्यातल्या फारच थोड्यांनी कपाळावरच्या खुणेला हात लावला, बाकीची आरशासमोर नुसती थिजून उभी राहिली. त्या मुलांना 'मी' कळत नाही असं कोण म्हणेल?

बरं, मग ओरांगउटान तर एकटा राहतो आणि तरी आरशात ओळखतो, त्याचं काय? यावर डॅनियल पोव्हिनेली आणि जॉन कँट यांनी १९९५ मध्ये एक कल्पना मांडली, ती मला फार आवडते. माकड हलकं असतं, फांदीवरून पळतं, उडी मारतं, ठरलेल्या हालचालींवर भागतं. ओरांगउटानचा नर ८० किलोच्या घरात जातो. एवढं वजन घेऊन शेंड्यावरून पुढच्या झाडावर जायचं तर कुठली फांदी माझ्यानं वाकेल, वाकवून तिचाच पूल करता येईल का, कुठला पाय सोडायचा, हे प्रत्येक वेळी नव्यानं जुळवायला लागतं, आणि पडलं तर मरण. म्हणजे स्वतःचं अंग हीच अडचण आणि तेच हत्यार, म्हणून त्याचा डोक्यात हिशोब ठेवायला लागला, असं त्यांचं म्हणणं. सिद्ध झालंय असं नाही, पण शरीराची जाणीव फक्त समाजातून आली नाही, झाडांनी आणि वजनानं पण शिकवली, हे मला पटतं. शिवाय ओरांगउटानचं पिल्लू आईबरोबर सहा-सात-आठ वर्षं राहतं, कळप नसला तरी अंगाला अंग लावून वाढणं आहेच.

हत्तीत या दोन्ही वाटा एकत्र येतात, प्रचंड वजन आणि दाट नाती. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूमध्ये तीन हत्तिणींसमोर भलामोठा आरसा लावला, त्यातल्या हॅपीनं डोळ्याच्या वरची पांढरी फुली आरशात बघून सोंडेनं चाचपली, बाकी दोघींनी नाही. यावर खूप चर्चा झाली. मला मात्र २०१७ चा थायलंडमधला प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो, रेचेल डेल आणि जोशुआ प्लॉटनिक यांचा. हत्ती एका रबरी चटईवर उभा राहतो, समोरची काठी उचलून माणसाला द्यायची असते, पण काठी दोरीनं त्याच चटईला बांधलेली असते. आपणच चादरीवर बसून चादर ओढायला गेलो तर निघते का? तसंच. हत्तींनी काठी ओढली, ती अडली, आणि ते चटईवरून उतरले, मग काठी दिली. काठी चटईला बांधलेली नसताना मात्र क्वचितच उतरले. म्हणजे उतरायची नुसती सवय लागली नव्हती, अडतंय ते माझं अंग हे कळलं होतं. हीच टेस्ट माणसाच्या बाळाला दीड-पावणेदोन वर्षांच्या आसपास जमायला लागते, साधारण आरशाच्याच वयात.

आणि हत्तीची सोंड बघा, सोंड-तोंडाचे स्नायू हलवणाऱ्या केंद्रात आशियाई हत्तीत सुमारे ५४ हजार पेशी आहेत. त्याच सोंडेनं तो काठी देतो आणि त्याच सोंडेनं घाबरलेल्या सोबत्याच्या तोंडात सोंडेचं टोक घालून त्याला धीर देतो, हे प्लॉटनिक आणि फ्रान्स द वाल यांनी २०१४ मध्ये नोंदवलंय, पण आपले माहूत तर कधीपासून सांगतायत.

आता तुमच्या कुत्र्याबद्दल. कुत्र्याचं जग नाकाचं, आरशातल्या कुत्र्याला वास नाही, मग तो कशाला बघेल? त्याला नापास ठरवणारी टेस्टच त्याच्यासाठी नव्हती. बुडापेस्टच्या विद्यापीठात पेटर पोंग्रात्स यांच्या गटानं हीच चटईची टेस्ट कुत्र्यांवर केली, २०२१ मध्ये, ३२ कुत्रे, आणि ते उतरले. त्याच गटानं आधी हेही दाखवलं होतं की दार अंगापेक्षा लहान असेल तर कुत्रा तिथे पोचायच्या आधीच कचरतो, डोकं घालून बघावं लागत नाही. म्हणजे माझं अंग केवढं आहे आणि ते कुठे आड येतंय, हे त्याला कळतं. तुम्ही आणि मी ज्याला 'मी' म्हणतो, कालची आठवण आणि उद्याची काळजी असलेला, तो सगळा त्याच्यात आहे असा माझा दावा नाही. पण ज्या पायावर तो उभा राहतो तो पाया त्याच्याकडे आहे.

घरी करून बघायचं असेल तर सोपं आहे. कुत्रा जेमतेम मावेल एवढं पातळ पायपुसणं घ्या, त्याचं आवडतं खेळणं आखूड दोरीनं त्याच पायपुसण्याला बांधा, त्याला वर उभं करा आणि खेळणं मागा. दोरी एवढी आखूड हवी की तो वर उभा असताना खेळणं तुमच्या हातापर्यंत येऊच नये. आणि मग दुसऱ्या वेळी तेच खेळणं शेजारी जमिनीत पक्क्या केलेल्या हुकाला बांधून मागा. ओढ तेवढीच लागेल पण उतरून उपयोग नसेल. पहिल्या प्रकारात पटकन उतरला आणि दुसऱ्यात तसा नाही उतरला तरच त्याला कळलं असं म्हणा, दोन्हींत सारखाच उतरत असेल तर तो नुसता वैतागून उतरतोय.